रुपयाचा पैसा

गालजीबागच्या वाळूत एकशे अकरा अंडी आहेत
आणि खुशाली पागीला हवा आहे त्यांचा ताप.
"हात लावायचा नाही," म्हणाला,
"पण कळायला तर हवं.
वाळू तापली तर सगळ्या बायलाच निघतात,
थंड राहिली तर बापये."

चावडीवरचं माझं दुकान:
मिक्सर, पंखे, तीनदा मरून परत आलेली एक इस्त्री.
कासवाचं काम पहिल्यांदाच आलं.

थर्मिस्टर काळ्या मिऱ्याएवढा.
त्यातून एक मिलिअँपिअर सोडला
की तो आधी आपणच तापतो
आणि आपलाच ताप वाळूचा म्हणून सांगतो.
असली माणसं वेर्ण्याच्या कारखान्यात
मी एकोणीस वर्षं पाहिली.

विचारायचं ते असं
की उत्तराला धक्का लागू नये.
दहा मायक्रोअँपिअर, बस्स.
रुपयातला एक पैसा.

सोपा रस्ता होता: बारा व्होल्टची बॅटरी,
पुढे अकरा-साडेअकरा लाख ओहमचा रेझिस्टर.
पण इथली हवा खारी.
एवढ्या मोठ्या अडथळ्याच्या अंगावर
रात्रीतून मिठाचा ओला पापुद्रा धरतो
आणि प्रवाह अंगावरूनच पळवाट काढतो.
शिवाय बॅटरी उतरली की तोही उतरणार.

म्हणून दोन ट्रान्झिस्टर.
पिशवीतले चाळीस तपासून निवडलेले, जुळे म्हणावेत असे,
तांब्याच्या तारेने पाठीला पाठ बांधलेले,
एक तापला तर दुसऱ्यालाही कळावं.
दोघांचे बेस एकत्र.
पहिल्याचे पाय थेट जमिनीवर,
त्याच्यातून वाहतो सबंध रुपया.
दुसरा त्याचा आरसा झाला असता,
हुबेहूब, रुपयाला रुपया,
पण त्याच्या पायाखाली मी ठेवले
बारा हजार ओहम.

आता तो जरा जास्त वाहू पाहतो
की त्या बारा हजारांवर व्होल्टेज साचतं,
त्याचं त्यालाच नडतं,
आणि तो मागे सरतो.
मी काही सांगत नाही. कुणीच सांगत नाही.
साठ मिलिव्होल्ट कमी पडले की दहावा हिस्सा,
आणखी साठ, की शंभरावा.
खाजनातली मानस अशीच असते:
फळी आपली वीतभर,
पण भरतीचा अख्खा समुद्र बाहेर उभा.

कारखान्यात हे रोज करत होते,
नकाशावर एक चौकोन, दोन बाण.
कशासाठी, ते कधी दिसलं नाही.

आज सुरूच्या सावलीत
डबी करवंटीखाली ठेवली. ठेवावीच लागते,
कारण माझी ही जोडीही उन्हाला भोळी:
दहा अंश चढले की अडीच-तीन टक्के जास्त देते.
खुशालीला हे सांगितलं.
तो म्हणाला, "मग सकाळीच येऊ. सहाला."

सहाला आलो.
तार वाळूत हातभर खाली,
अंड्यांच्या शेजारी, अंड्यांना न शिवता.
बटण दाबलं.
मीटरवर आकडा डगमगला, थांबला:
ऐंशी मिलिव्होल्ट. माझ्या तक्त्यात तीस अंश.

"म्हणजे बायला की बापये?"
ते मीटर सांगत नाही, मी म्हटलं.
मधलंच काहीतरी आहे.
त्याने कानामागची पेन्सिल काढली,
वहीत तारीख घातली, आकडा घातला,
आणि आकड्याखाली उगाच दोन रेघा ओढल्या.

माझा अंगठा अजून बटणावरच होता.
खाली अंधारात तो एक पैसा वाहत होता,
कुणाची झोप न मोडता.
मी अंगठा उचलला.
खुशाली बिलाचं विचारत होता.
मी तळपणच्या बाजूला बघत राहिले,
होड्या परत यायला लागल्या होत्या.